मदत हवी आहे: दोघं असलो की सरळ जाणारी कनू एकट्याने गोल फिरते

ऐरोली_सेक्टर८
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. मी आणि मेहुणा कोलाडला कुंडलिका नदीवर कनू (एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची उघडी होडी) चालवतो, दोघं असलो की बोट एकदम सरळ राहते, म्हणू तिकडे जाते. आता त्याची बदली झाली पुण्याला आणि मी एकटा बसलो की वल्हं मारलं रे मारलं की तोंड डावीकडे. रॅपिड (खळाळतं पाणी) सोडा, शांत पाण्यात पण तेच. रविवारी जायचंय, प्लीज कोणीतरी नीट सांगा काय करायचं ते. यूट्यूबची लिंक नको.

घोडबंदर_जयेश
बोट किती फुटी? बसता कुठे? वल्हं कुठल्या बाजूला? काहीच लिहिलं नाहीये.

कयाकवाली_वाशी
दादा सरळ कयाक घ्या. वल्ह्याच्या दोन्ही टोकांना पातं असतं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, विषय संपला. एकट्या माणसाने कनूच्या नादी लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ऐरोली_सेक्टर८
कयाक नकोय ताई, बोट आहे ती आहे. जयेश, नेहमीसारखाच मागच्या सीटवर बसतो. १६ फुटी आहे.

चेंदणीचा_कोळी
मागेच बसायचं. सुकाणू मागेच असतं, आमच्या खाडीत पिढ्यान्पिढ्या माणूस मागे बसूनच होडी हाकतो.

घोडबंदर_जयेश
काका, तुमचा अनुभव मोठा, पण खाडीतली होडी जड असते आणि तिच्यात जाळं, मासळी असा माल पण असतो. रिकाम्या १६ फुटी कनूत एकटा माणूस मागे बसला की पुढचं टोक पाण्याबाहेर येतं, मग वारा किंवा प्रवाह त्याला हवं तिकडे ढकलतो. दोघांत मेहुण्याचं वजन पुढचं टोक दाबून ठेवत होतं, बाकी काही जादू नव्हती.

चेंदणीचा_कोळी
नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलते हे खरं. पण पुढे बसून वळवणार कशी ते सांग की.

कोलाड_गाईड
पुढे नाही काका, मध्ये. मी नदीवरच असतो म्हणून सविस्तर लिहितो. दोन गोष्टी आहेत, त्या लोक एकात एक करतात.

एक, वजन. शांत पाण्यात पुढच्या सीटवर उलट तोंड करून बसा, म्हणजे मागचं टोक पुढचं होतं. पुढची सीट मधल्या भागाच्या जास्त जवळ असते कारण पुढच्या माणसाला पायाला जागा लागते. बोट दोन्हीकडून सारखी असेल तरच हे चालतं. रॅपिडमध्ये मात्र सीट नकोच, मध्याच्या किंचित मागे गुडघ्यावर बसा, गुडघे फाकवून तळाला टेकलेले, खाली जाड फोम. बघायला सोपी युक्ती म्हणजे बोटीत मगभर पाणी ओता. मधे गोळा झालं तर ठीक, मागे पळालं तर तुम्ही अजून मागेच आहात.

दोन, वल्हं. एकाच बाजूने मारलं की बोट विरुद्ध बाजूला वळणारच, दोघं असताना ते एकमेकांचं बरंचसं काटतं. म्हणून जे-स्ट्रोक. वल्हं कमरेपाशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली पाण्याकडे वळवायचा आणि पातं थोडं बाहेर ढकलायचं. अंगठा वर गेला तर तो नुसता ब्रेक, वेग मरतो. नख पाण्याकडे बघतंय का एवढंच बघा.

ऐरोली_सेक्टर८
उजवीकडे मारतो. बाजू बदलत राहिलो तर नाही का चालणार?

कोलाड_गाईड
शांत पाण्यात चालेल. लाटेत हात बदलायला गेलात की तेवढ्या वेळात वल्हं पाण्याबाहेर, आणि पाण्यातलं वल्हं हाच तुमचा आधार असतो. त्यापेक्षा पकड न सोडता अंग वळवून वल्हं दुसऱ्या बाजूला टाका, क्रॉस स्ट्रोक.

सीबीडी_स्पोर्ट्स
तसं पण दोघांची कनू आता ऑलिंपिकच्या स्लॅलममधून (खळाळत्या पाण्यातली शर्यत) गेलीच ना? पुरुषांची सी२ (दोघांची कनू) स्लॅलम २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून काढली, टोकियोत महिलांची सी१ (एकटीची) आली. भविष्य सोलोचंच.

घोडबंदर_जयेश
त्याचा याच्याशी काय संबंध? त्या सी२ बंद डेकच्या स्पर्धेच्या बोटी, यांची उघडी. दोघांच्या बोटीत ताकद जास्त आणि प्रवाह कापून पलीकडे जाणं सोपं, फक्त दोघांचं एकमत लागतं. एकट्याने बोट हलकी, लाटेवर चढते, पटकन वळते, पण सगळं काम एकाच्या अंगावर.

मॉम_ऑफ_टू_ठाणे
अवांतर: ठाण्याहून कोलाडला पेण-नागोठण्याने बरं पडेल की खोपोली-पालीवरून? मुलांना रॅफ्टिंगला न्यायचंय.

सीबीडी_स्पोर्ट्स
पालीवरून या, गणपती पण होईल. पण लवकर निघा, राफ्टिंग सकाळचंच असतं, धरणाचं पाणी सोडतात त्याच्यावर.

कोलाड_गाईड
आणि ऐरोलीकर, एकटे म्हणजे बोटीत एकटे, नदीवर एकटे नाही. दगडामागच्या एडीतून (तिथलं उलट फिरणारं पाणी) प्रवाहात शिरताना बोट खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जातो तिकडे, कलवायची. वरच्या अंगाला कलली तर पाणी कडेवरून आत येतं आणि उलटी. १६ फुटी उघडी बोट पाण्याने भरली की काही शे किलोची होते, प्रवाह जातो त्या बाजूला तिच्यापुढे कधीच राहू नका, दगडात चेपाल. टोकांना हवेच्या पिशव्या बांधल्यात का?

ऐरोली_सेक्टर८
नाही. मागवतो. पण मध्ये बसायचं तर मधोमध एक आडवी दांडी आहे, ती काढून टाकू का? दोन बोल्टवर आहे.

चेंदणीचा_कोळी
अजिबात काढू नको रे बाबा. तीच दोन्ही बाजू धरून ठेवते, ती गेली की पाण्यात बोट फाकते.

कोलाड_गाईड
काकांशी सहमत. दांडीच्या मागेच गुडघे टेका, बूड टेकायला फोमचा ठोकळा कापून बसवा, पण पाय झटकन बाहेर निघतात ना ते काठावरच बघून घ्या. उलटल्यावर पाय अडकणं सगळ्यात वाईट. तुमचं वजन किती? त्यावर ठोकळा किती मागे ते सांगतो.