डेकेनडायॉल पेट्रोलियमचं नाही, एरंडेलाचं
कुणीतरी लिहिलंय की १,१०-डेकेनडायॉल (दहा कार्बनच्या साखळीचं, पहिल्या आणि दहाव्या कार्बनवर ओएच गट असलेलं रसायन) म्हणजे पेट्रोलियमचाच माल, पण तसं नाहीये हो, ते मुख्यतः एरंडेलापासून येतं. त्यातलं रिसिनोलिक आम्ल कॉस्टिक सोड्याबरोबर २५० अंशांच्या वर तापवलं की साखळी तुटून दहा कार्बनचं सेबॅसिक आम्ल मिळतं, सोबत २-ऑक्टेनॉल निघतं, मग त्या आम्लाचं एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनणारं संयुग) करून हायड्रोजन दिला की डायॉल तयार. पांढरं, मेणासारखं, ७२-७५ अंशांना वितळतं म्हणजे वॉटर बाथवरच पातळ होतं! दोन्ही टोकांना ओएच (अल्कोहोलचा गट), त्यामुळे पॉलिएस्टर-पॉलियुरेथेन या प्लास्टिकांमध्ये जातं आणि मधली लांब साखळी लवचिकपणा देते. आणि प्लीज, क्रीमच्या लेबलवरचं डेसिलीन ग्लायकॉल वेगळं, ते १,२ वालं, दोन्ही ओएच एकाच टोकाला, ऑर्डर देताना नंबर नीट बघाच.