कार्ड हातात आलं, आता कोणाच्या बोटीत बसायचं?

निळीशाई

स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, म्हणजे ओपन वॉटरचं कार्ड मिळून तीन महिने झाले. कोर्समधल्या चार डायव्ह आणि नंतर सुट्टीत मारलेल्या पाच, अशा एकूण नऊ डायव्ह लॉगबुकात आहेत. त्या पाचांतली पहिली इतकी वाईट झाली की दुसऱ्या दिवशी ऑपरेटर बदलला. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते इथे मांडते.

पहिला ऑपरेटर मी परीक्षणं वाचून निवडला होता. चार पूर्णांक नऊ तारे, हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो, कासवं. काउंटरवर एका फॉर्मवर सही घेतली. कार्ड दाखवायला पर्समधून काढलं होतं, ते तसंच परत ठेवलं. सहा किलो वजनांचा पट्टा बांधून पाण्यात उतरले ती दगडासारखी खाली. बीसीडीत (हवा भरून फुगवायच्या जॅकेटात) हवा भर, मग सोड, पुन्हा भर, यातच निम्मं लक्ष. गाइड पुढे, आम्ही सात जण मागे. एकदा मनगटाकडे पाहिलं तर कॉम्प्युटर २८ मीटर दाखवत होता. माझं प्रशिक्षण १८ मीटरपर्यंतचं! सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाचा काटा ५० बारवर आला तसं गाइडला दाखवलं. त्याने आपला ऑक्टोपस (श्वास घ्यायची जादा नळी) माझ्या तोंडात दिला आणि माझा हात धरून पोहत राहिला. फेरी पूर्ण करायची होती ना.

दुसऱ्या ठिकाणी बाईंनी प्रश्नच प्रश्न विचारले. शेवटची डायव्ह कधी? सूट किती जाडीचा होता? कानांना त्रास होतो का? पहिली डायव्ह सहा मीटरच्या वाळूवर, तीही वजन तपासून. खरं सांगायचं तर मला तेव्हा राग आला होता. पैसे भरून वाळू बघायची?

तर माझं मत असं : नवख्याने तारे बघू नयेत, कार्ड देणारी एजन्सी बघू नये. जो ऑपरेटर आपल्याला प्रश्न विचारत नाही, त्याच्या बोटीत बसू नये. पटतंय का?

जुना पाणबुड्या

नाही पटत.

तुमच्या कार्डामागे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २४८०१-२, त्यात तुमच्या पातळीचं नावच 'स्वायत्त डायव्हर' आहे. स्वायत्त! म्हणजे सोबतीला बडी (जोडीदार डायव्हर) असताना, शिकलात तशा परिस्थितीत, स्वतःची डायव्ह स्वतः आखून स्वतः संपवणारा. २८ मीटरला तुम्हाला गाइडने नेलं नाही, तुम्ही गेलात. कॉम्प्युटर तुमच्या मनगटावर होता. १८ ला थांबायचं होतं. ८० बारला अंगठा वर करायचा होता.

ऑपरेटर म्हणजे बोट, हवा आणि जागा माहीत असलेला माणूस. बाकी तुमचं तुम्ही. हल्ली लोक कार्ड घेतात आणि आयुष्यभर कोणाच्या तरी फिन्सकडे बघत पोहतात.

बुडबुडा

पाणबुडेकाका, पुस्तकात बरोबर आहे. पण पाचव्या डायव्हला सात जण पुढे जाताना दिसत असताना एकट्याने अंगठा वर करायला काय लागतं ते विसरलात बहुतेक. (नवीन वाचकांसाठी : पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'झकास' नाही, 'वर चला'. माझ्या एका मित्राने पहिल्याच दिवशी आनंदाने अंगठा दाखवला आणि अख्खी तुकडी वर आली.)

जरा हिशेब करू. नेहमीचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा, २०० बार भरलेला. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला १५० गुणिले ११, म्हणजे १६५० लिटर हवा. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणजे ५६ लिटर. हवा पुरते २९ मिनिटं. २८ मीटरवर ३.८ पट, ७६ लिटर, पावणेबावीस मिनिटं. आता निळीशाईताई घाबरलेल्या, वजन जास्त, सतत बीसीडी फुगवतायत. मिनिटाला २५ लिटर धरले तरी तिथे ९५ लिटर होतात. सतरा मिनिटांत खेळ खलास.

हा हिशेब गाइडला तोंडपाठ असतो, नवख्याला नसतो. अनोळखी सात जणांना सरसकट २८ वर नेणाऱ्याने हा हिशेब केलाच नाही, किंवा करून गप्प बसला. दोन्ही वाईटच.

आणि खोलीवर हवेआधी वेळही (वर येताना सक्तीचे थांबे न घेता जितकं खाली राहता येतं ती) संपू शकते. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या जुन्या तक्त्यात पहिल्या डायव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०.

टिवल्याबावल्या

खासगी गाइड घ्या. विषय संपला.

जुना पाणबुड्या

@टिवल्याबावल्या : आणि तो तुमच्या सिलिंडरचा व्हॉल्व धरून तुम्हाला पिशवीसारखा फिरवेल. वीस डायव्ह झाल्या तरी स्वतःची तरणशक्ती (न बुडता, न वर जाता पाण्यात स्थिर राहणं) जमवता येणार नाही. असे लोक पाहिलेत. लॉगबुक भरलेलं, आणि वर येतानाच्या सेफ्टी स्टॉपला पाच मीटरवर तीन मिनिटं एका जागी थांबता येत नाही.

@बुडबुडा : हिशेब छान. तो धागाकर्तीने पाण्यात उतरायच्या आधी करायचा होता, एवढंच माझं म्हणणं.

एक_गाइड

पोटापाण्यासाठी हेच करतो, म्हणून बोलतो.

ऑक्टोपस देऊन डायव्ह लांबवण्याचं समर्थन कोणीही करू नये. तो आणीबाणीचा मार्ग आहे. त्यावर फेरी पूर्ण करणं म्हणजे दोघांची राखीव हवा एकाच सिलिंडरमधून खाणं. त्या गाइडने तुम्हाला बडीसकट वर पाठवायला हवं होतं, किंवा सगळ्यांना घेऊन वर यायला हवं होतं.

पण प्रश्न विचारण्याबद्दल दुसरी बाजू ऐका. विचारलं की लोक खोटं बोलतात. 'पन्नासेक झाल्या असतील' म्हणणारा माणूस रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) उलटा लावताना दिसतो. त्यामुळे मी तोंडी उत्तरावर विसंबत नाही. सामान जोडताना हात बघतो. रेग्युलेटरमधून दोन-तीन श्वास घेताना डोळे काट्यावर आहेत का, ते बघतो. श्वासाबरोबर काटा हलला तर व्हॉल्व पूर्ण उघडलेला नाही. ज्याला हे माहीत आहे त्याला मी जास्त प्रश्न विचारत नाही. म्हणजे ताई, तुमच्या कसोटीवर मी नापास!

आता तारे. मागे एकाला पाण्याखालच्या, प्रवाह असलेल्या खडकाच्या भिंतीवर न्यायला मी नाही म्हणालो. सहा डायव्ह झालेल्या, शेवटची दोन वर्षांपूर्वीची. संध्याकाळी एक तारा आणि खाली 'उद्धट कर्मचारी'. परीक्षणं वाचायचीच असतील तर पाच ताऱ्यांची सोडा, एक ताऱ्याची वाचा. 'आम्हाला खोल नेलं नाही', 'हवामानाचं कारण देऊन डायव्ह रद्द केली', 'उद्या विमान आहे म्हणून दुपारची डायव्ह दिली नाही' अशा तक्रारी दिसल्या तर डोळे मिटून तिथे जा. विमानाचं तर फार सोपं आहे. अनेक डायव्हनंतर किमान १८ तास थांबा असं डॅन ही डायव्हरांच्या सुरक्षेसाठीची संस्था सांगते. तुमच्या उड्डाणाची वेळ ऐकूनही जो सकाळची डायव्ह विकतो, त्याची बाकी कसलीच परीक्षा घ्यायला नको.

पाडी की एसएसआय, कोणती एजन्सी बरी, या वादात तर पडूच नका. तिथे फरक माणसाचा असतो.

शंखिनी

सगळे पाण्याखालचंच बोलतायत. माझ्या मते ऑपरेटर बोटीवर कळतो.

२५ जानेवारी १९९८. ग्रेट बॅरियर रीफवर डायव्हला गेलेल्या बोटीने परतताना डोकी नीट मोजली नाहीत. एक अमेरिकन जोडपं समुद्रातच राहिलं. दोघांचं सामान बोटीवर तसंच पडलेलं लक्षात आलं, तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते. ती दोघं कधीच सापडली नाहीत. दोघंही अनुभवी डायव्हर होते, पाणबुडेकाका. स्वायत्तच होते.

दुसरं, २ सप्टेंबर २०१९. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' नावाच्या डायव्ह बोटीला पहाटे आग लागली. खालच्या डेकवर झोपलेले ३४ जण गेले. रात्री फिरून पाहणी करणारा पहारेकरी नेमलेला नव्हता, हे चौकशीत निघालं. तिथे तुमची तरणशक्ती कितीही उत्तम असो, काय उपयोग?

म्हणून मी बोटीवर चढले की प्रत्येकाची नावाने हजेरी होते का ते बघते. नुसते आकडे मोजणं पुरत नाही, कारण दोन डोकी दोनदा मोजली जातात. प्रत्येकाने 'मी आहे' म्हणायला हवं. सगळे पाण्यात असताना बोटीवर इंजिन चालवू शकणारा कोणी उरतो का? ऑक्सिजनचा संच कुठे आहे? कॉम्प्रेसर दिसत असेल तर हवा आत घेणारी नळी कुठून येते? एके ठिकाणी ती जनरेटरच्या धुराड्यापासून हातभर अंतरावर होती. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मी डायव्ह न मारता परत आले, पैसेही गेले.

जुना पाणबुड्या

हजेरीचं मान्य. पूर्ण मान्य. ती गोष्ट डायव्हरच्या हातात नाही, मी ते वगळून बोलत होतो, चूक माझी.

पण बाकी यादी घेऊन नवखा माणूस उभा राहिला तर काय होतं सांगतो. 'ऑक्सिजन आहे का?' विचारलं की जगातला प्रत्येक ऑपरेटर हो म्हणतो. विचारू नका, 'दाखवा' म्हणा, आणि सिलिंडरचा काटा बघा. मी एकदा पाहिला होता, शून्यावर. मास्क मात्र नवाकोरा, प्लास्टिकच्या पिशवीत. आणि कॉम्प्रेसर शंखिनीताईंना दिसला, बहुतेकांना दिसत नाही, तो मागच्या खोलीत असतो. निदान पहिला श्वास घेऊन बघा. तेलकट चव आली की सिलिंडर परत. चव नाही म्हणजे हवा शुद्ध, असं मात्र नाही.

बुडबुडा

काका हळूहळू आमच्या बाजूला सरकतायत. :)

जुना पाणबुड्या

सरकत नाहीये. मी म्हणतोय तेच तुम्ही लांबवून म्हणताय. काटा कोणी बघायचा? डायव्हरनेच.

शंखिनी

पण काय बघायचं ते डायव्हरला माहीत होतं कधी? कोर्समध्ये मला वजन, मास्क, कान, चढण्याचा वेग सगळं शिकवलं. ऑपरेटर कसा पारखायचा यावर एक वाक्य नव्हतं. आणि कसं असेल? शिकवणारा स्वतःच ऑपरेटर असतो.

एक_गाइड

हे मात्र लागलं. खरं आहे.

अजून एक सांगतो. लहान तुकडी म्हणजे सुरक्षित असं बरेच जण गृहीत धरतात, तेही तपासून बघा. चार जण असतील पण चारही नवखे आणि दृश्यता पाच मीटर, तर मला ते आठ अनुभवी लोकांपेक्षा जड जातात. फोनवर 'एका गाइडमागे किती जण' एवढंच विचारू नका. 'माझ्या तुकडीत कोण असतील, आणि माझी हवा आधी संपली तर काय करता' हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला जो लगेच, न अडखळता उत्तर देतो, त्याच्याकडे काहीतरी पद्धत आहे. 'काही होत नाही हो, या तुम्ही' हे उत्तर नाही.

निळीशाई

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. एक_गाइड यांचा प्रश्न आज तीन ठिकाणी फोन करून विचारला. एकाने 'काही होत नाही' हेच म्हटलं, जवळपास त्याच शब्दांत, मला हसू आलं. दुसऱ्याने सांगितलं की १०० बारला खूण करायची, ७० ला बडीसोबत वर, बोट वरच असते. तिसऱ्याने उलट मलाच विचारलं, प्रवाहात किती डायव्ह झाल्यात? एकही नाही म्हटल्यावर म्हणाला, मग आमच्याकडे या महिन्यात येऊ नका, पुढच्या महिन्यात पाणी शांत होईल. दुसऱ्याकडे जातेय.

पाणबुडेकाका, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा चिडले होते. पण तेव्हा अंगठा वर करायला हवा होता हे खरंच आहे. लाज वाटली म्हणून केला नाही.

जुना पाणबुड्या

लाज सगळ्यांना वाटते. मलाही वाटली होती, मी तर काटा ३० वर जाईपर्यंत गप्प होतो. ते सोडा. दुसऱ्या ठिकाणी वजन तपासलं तेव्हा किती निघालं?

निळीशाई

चार किलो. कोर्समध्ये सूट जाड होता, इथला पातळ.

जुना पाणबुड्या

म्हणजे दोन किलो जास्त. बीसीडीत दोन लिटर फुकटची हवा, आणि खोली बदलली की ती फुगणार-आकसणार. म्हणूनच भर-सोड चालली होती. पहिल्या ठिकाणी सहा किलो कोणी ठरवले?

निळीशाई

त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. 'किती किलो लावता?' सहा मीच सांगितले.

जुना पाणबुड्या

हं.

एक_गाइड

आणि त्याने सूटकडे न बघता दिले. हंऽऽ.