मदत हवी आहे: 'ड्राफ्ट'चे बरोबर स्पेलिंग कोणते?

माणदेशी_वाचक (धागाकर्ता)
नमस्कार. 'ड्राफ्ट' या इंग्रजी शब्दाचे बरोबर स्पेलिंग डी-आर-ए-एफ-टी की डी-आर-ए-यू-जी-एच-टी? मूळ मजकुरात दुसरे स्पेलिंग होते, परंतु मुद्रितशोधकाने ते जवळजवळ सर्वत्र बदलून पहिले केले आहे आणि एका ठिकाणी तर 'ए' काढून 'ओ' घातला आहे. शब्दकोशात दोन्ही रूपे सापडतात आणि पुढे अर्थांची रांग लागते. मजकूर उद्या सकाळी छपाईला जायचा आहे, तेव्हा कृपया एकच निश्चित उत्तर द्यावे.

निवृत्त_रोखपाल
डी-आर-ए-एफ-टी. माझे आयुष्य बँकेत गेले आणि डिमांड ड्राफ्टवर दुसरे स्पेलिंग मी कधीही पाहिले नाही. 1881 च्या परक्राम्य संलेख (धनादेश, हुंडी इत्यादी) अधिनियमाच्या कलम 85अ मध्येही एका शाखेने दुसऱ्या शाखेवर काढलेल्या ड्राफ्टचा उल्लेख याच स्पेलिंगने येतो. कायद्याने वापरलेला शब्द चुकीचा कसा असेल?

बंदरकाठी
रोखपाल साहेब, आपले म्हणणे बँकेच्या व्यवहारापुरते खरे आहे. पण धागाकर्त्याने बँकेचा विषय काढलेलाच नाही. दोन्ही स्पेलिंगांचा उच्चार एकच असून, ओढणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदाशी त्यांचे नाते आहे. 'एफ'चे रूप उच्चाराप्रमाणे नंतर रूढ झाले. ब्रिटिश इंग्रजीत कच्चा मसुदा, मसुदा तयार करण्याची क्रिया आणि बँकेचा ड्राफ्ट यांसाठी 'एफ' वापरतात. तर जहाजाचा तळ पाण्यात किती खोल जातो ते माप, दाराच्या फटीतून येणारा गार वारा, पिंपातून काढलेली बिअर आणि औषधाचा घोट यांसाठी 'यूजीएच' वापरतात. आपले वाक्य कोणत्या विषयावरचे आहे, ते सांगितल्याशिवाय एकच उत्तर देता येणार नाही.

मिशिगनकर
एवढा घोळ घालण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेत वारा, बिअर, जहाज, मसुदा या सर्वांसाठी 'एफ'च वापरतात आणि कोणाचेही अडत नाही. 1973 पर्यंत तेथे जी सक्तीची सैन्यभरती होत असे तिलाही ड्राफ्टच म्हणतात. 'एफ' ठेवा आणि छपाईला द्या.

बंदरकाठी
भारतात छापला जाणारा मजकूर ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत असेल, तर केवळ सोयीसाठी तो अमेरिकी करणे मला पटत नाही. आपल्याकडे आयटीआयच्या ड्राफ्ट्समन (स्थापत्य) अभ्यासक्रमाचे नाव आजही 'यूजीएच'नेच लिहितात.

बॉयलरवाला
साखर कारखान्यातील अनुभव सांगतो. बॉयलरच्या भट्टीत हवा ढकलणाऱ्या पंख्याला आम्ही एफडी फॅन म्हणतो आणि धूर ओढून धुराड्याकडे नेणाऱ्याला आयडी फॅन. या दोन्ही नावांतला 'डी' म्हणजे ड्राफ्टच. भारतीय पाठ्यपुस्तकांत त्याचे स्पेलिंग 'यूजीएच'ने आढळते, तर यंत्रांवरील पाट्यांवर अनेकदा 'एफ' दिसतो. पाटी वाचून पंखा ओळखता आला, तर काम भागते.

सोंगटी
'यूजीएच'च्या रूपाच्या शेवटी 'एस' जोडला की तो ब्रिटनमधील एक बैठा खेळ होतो. त्याचा पट बुद्धिबळासारखाच 64 घरांचा असून प्रत्येक खेळाडूकडे 12 सोंगट्या असतात. अमेरिकेत याच खेळाला चेकर्स म्हणतात.

मिशिगनकर
खेळाची माहिती कोणी विचारली आहे? धागाकर्त्याला उद्या छपाई करायची आहे.

शब्दवेल्हाळ
माणदेशी_वाचक, ज्या ठिकाणी 'ओ' घातला आहे ते संपूर्ण वाक्य कृपया येथे द्यावे. 'ए'च्या जागी 'ओ' आला की तो स्पेलिंगभेद राहत नाही; वेगळाच शब्द तयार होतो. त्याचा उच्चार 'ड्राउट' आणि अर्थ अवर्षण.

माणदेशी_वाचक (धागाकर्ता)
पुस्तिका द्वैभाषिक असून पशुपालकांसाठी आहे. 'खिलार ही ड्राफ्ट जात असून ती सातारा, सांगली आणि सोलापूर भागातील ड्राउटप्रवण प्रदेशात टिकून आहे,' असे मूळ इंग्रजी वाक्य होते. आता दोन्ही ठिकाणी ड्राउट छापले गेले आहे. पुढे 'ड्राफ्ट पॉवर' असाही उल्लेख आहे आणि तेथे 'एफ' घातलेला आहे. मराठी बाजूला यासाठी 'भारवाहू जात' असे लिहिले आहे.

शब्दवेल्हाळ
हे वाक्य आरंभीच मिळाले असते, तर उत्तर लगेच देता आले असते. पहिल्या ठिकाणी डी-आर-ए-यू-जी-एच-टी हवे, कारण नांगर, कुळव किंवा गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी ब्रिटिश इंग्रजीत तेच रूप रूढ आहे. दुसऱ्या ठिकाणी 'ओ'चा शब्द योग्यच आहे, तो बदलू नका. मुद्रितशोधकाने दोन्ही एक केल्यामुळे खिलार ही दुष्काळाची जात असल्याचा चमत्कारिक अर्थ निघतो. 'ड्राफ्ट पॉवर'मध्येही 'यूजीएच' परत आणावे.

गोठ्यातून
मराठी बाजूविषयी माझा आग्रह आहे. 'भारवाहू' हा शब्द पाठीवर ओझे वाहणाऱ्या गाढवासारख्या जनावराला शोभतो. खिलार बैल जू मानेवर घेऊन ओढतो, म्हणून 'ओढकामाची जात' असेच लिहावे. खरसुंडीच्या बाजारात बैल पारखणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती ही पुस्तिका जाणार असेल, तर त्याला हा फरक लगेच जाणवेल, कारण खिलारची खरी किंमत त्याच्या चपळाईत आणि ओढीत आहे. दुधासाठी ही जात सहसा पाळत नाहीत.

बॉयलरवाला
'ओढशक्ती' हा शब्द 'ड्राफ्ट पॉवर'साठी चालेल का?

गोठ्यातून
चालेल, परंतु 'बैलांची ओढण्याची ताकद' हे शेतकऱ्याला अधिक सरळ वाटेल.

माणदेशी_वाचक (धागाकर्ता)
सर्वांचे मनापासून आभार. 'ओढकामाची जात' आणि 'ओढण्याची ताकद' असे बदल करतो. एक शेवटची शंका राहिली. तपासणीच्या प्रतीवर प्रत्येक पानाच्या डोक्यावर इंग्रजीत 'ड्राफ्ट प्रत' असा शिक्का आहे. तेथेही 'यूजीएच' करायचे का?

निवृत्त_रोखपाल
नाही. तो मसुदा आहे, तेथे 'एफ'च राहू द्या.

शब्दवेल्हाळ
सहमत. म्हणूनच संगणकावरील 'सर्व बदला' ही सोय येथे वापरू नये. प्रत्येक जागा वाचून बदल करावा आणि छपाईपूर्वी तो शिक्का काढण्यास सांगावे.