इलेक्ट्रॉनिक ड्रम किट न वाजवता विकत घ्यावे का?

लयशोधक

नमस्कार. गेली सहा वर्षे मी ॲकॉस्टिक (विजेविना वाजणारे) ड्रम वाजवतो आहे. सरावासाठी चौघांनी मिळून एक खोली घेतली होती, ती आता सोडावी लागत आहे. माझे घर तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे तेथे ॲकॉस्टिक किट मांडण्याचा विचारही करता येत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक किट घ्यायचे ठरवले आहे आणि शोधता शोधता दोन किटवर येऊन थांबलो आहे. पहिल्या किटमध्ये सगळी पॅड (ड्रमऐवजी मारायचे पृष्ठभाग) जाळीची आहेत, स्नेअर (मुख्य, पुढ्यातला ड्रम) आणि टॉम (त्याच्या भोवतीचे ड्रम) आठ इंचांचे आहेत, मॉड्यूल (पॅडवरच्या ठोक्यांचे आवाज काढणारी पेटी) अगदी नवे असून त्यात आवाजांचा भरपूर साठा आहे. मात्र किकसाठी (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी) बीटर (ड्रमवर आपटणारा दांडा) नसलेले, नुसते दाबायचे पेडल आहे. दुसऱ्या किटचे मॉड्यूल जुन्या पिढीचे आहे आणि त्यातले आवाज व्हिडिओंमध्ये थोडे कोरडे वाटतात, परंतु स्नेअर बारा इंचांचा आहे, किकच्या उभ्या पॅडवर नेहमीचे पेडल लावता येते आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी) खऱ्या स्टँडवर बसते.

अडचण अशी की, ही दोन्ही किट प्रत्यक्ष वाजवून पाहता येतील असे ठिकाण मला सापडलेले नाही. व्हिडिओ इतके पाहिले आहेत की प्रत्येक नव्या व्हिडिओनंतर माझे मत बदलते. वाद्य हाताला लागल्याशिवाय घेऊ नये, असे मला शिकवले गेले आहे आणि ते मला पटतेही. तरीही न वाजवता घ्यायचेच झाले, तर कोणत्या गोष्टी घरबसल्या खात्रीने कळू शकतात आणि कोणत्या कळू शकत नाहीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मागचा ठेका

मी माझे पहिले इलेक्ट्रॉनिक किट न वाजवताच घेतले होते आणि चुकलो होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. माझी चूक आवाजाच्या बाबतीत झाली नाही. आवाज मी कितीतरी वेळा ऐकले होते आणि ते जसे ऐकले तसेच निघाले. चूक हाय-हॅटच्या बाबतीत झाली. ॲकॉस्टिक किटवर माझा डावा पाय सतत काहीतरी करत असतो: हाय-हॅट किंचित सैल ठेवून वाजवणे, हळूहळू उघडत नेणे, पेडल दाबून 'चिक' असा आवाज काढणे, मध्येच पेडल क्षणभर दाबून झटकन सोडत झांजा एकमेकींवर आपटू देणे. माझ्या किटवर हाय-हॅटचे पॅड एका दांड्यावर स्थिर होते आणि पायाखालचे पेडल वेगळे होते. त्या पेडलला बंद, उघडी आणि मधली एक अशा तीनच अवस्था कळत होत्या. बंद आणि उघडी यांच्या मधला जो प्रदेश आहे, ज्यात मी निम्म्याहून अधिक वेळ राहतो, तो त्या किटवर जवळजवळ नव्हताच. पहिल्या संध्याकाळी मी अर्धवट उघडी हाय-हॅट ठेवून एक साधा ठेका धरला आणि पाय केसभर हलला की आवाज एकदम एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारत होता. तासाभराने मी स्टिक्स खाली ठेवल्या.

मला वाईट याचे वाटले की ही गोष्ट मला आधी कळू शकत होती. जवळजवळ प्रत्येक किटची माहितीपुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते आणि मी ती किट घरी आल्यानंतर उघडली. मॉड्यूलच्या मागे किती जोडण्या आहेत, स्नेअरचे रिम (कडेची कडी) वेगळे ओळखले जाते की नाही, राईडची (ठेका धरायच्या मोठ्या झांजेची) घंटी (मधला फुगीर भाग), पृष्ठभाग आणि कड असे तीन भाग चालतात की दोनच, झांज हाताने धरली की आवाज थांबतो का, हाय-हॅटची उघडझाप सलग मोजली जाते की पायऱ्यांत, आणखी एक क्रॅश (जोरदार ठोक्याची झांज) जोडायला जागा आहे का, हे सगळे त्यात असते. जाहिरातीतील शंभर ओळींपेक्षा पुस्तिकेतील जोडण्यांची ती एक आकृती मला अधिक विश्वासाची वाटते.

तुमच्या वर्णनावरून मी कोणताही विचार न करता दुसरे किट घेईन. तुमचा डावा पाय किती काम करतो ते मात्र तुम्हीच ठरवा.

तारजोड

मी पॅड आणि मॉड्यूल दुरुस्त करतो, म्हणून आतल्या बाजूने लिहितो. पॅडच्या आत पिएझो सेन्सर असतो. आघाताने त्यावर दाब आला की वीजदाब निर्माण होतो आणि मॉड्यूल त्याच्या उंचीवरून ठोका किती जोराचा होता हे ठरवते. मिडी पद्धतीत (वाद्ये आणि संगणक यांच्यात वादनाची माहिती पाठवण्याच्या पद्धतीत) ही तीव्रता १ ते १२७ या आकड्यांत जाते. म्हणजे तुमचा प्रत्येक ठोका आधी एका आकड्यात रूपांतरित होतो आणि मग आवाज होऊन बाहेर पडतो. हा आकडाच चुकला, तर पुढे कितीही सुंदर आवाज असला तरी त्याचा उपयोग होत नाही.

आकडा चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सेन्सर पॅडच्या मधोमध असेल आणि त्यावरचा फोमचा शंकू थेट जाळीला टेकत असेल, तर नेमक्या मध्यावर मारलेला ठोका अवाजवी मोठा येतो आणि दोन बोटे बाजूला मारलेला लहान. सेन्सर कडेला असलेल्या किंवा एकाहून अधिक सेन्सर असलेल्या पॅडमध्ये हा दोष बराच कमी होतो. दुसरी जागा म्हणजे एका पॅडचे कंपन रॅकमधून (पॅड बसवायच्या सांगाड्यातून) दुसऱ्या पॅडपर्यंत जाऊन तेथे न मारलेला ठोका वाजणे. हे मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये बऱ्याच अंशी आवरता येते. तिसरी म्हणजे हलके ठोके गळणे. म्हणून व्हिडिओ पाहताना जोरकस वादनाकडे दुर्लक्ष करा आणि कोणी स्नेअरवर अगदी हलक्या आवाजापासून मोठ्यापर्यंत सलग रोल (भरभर ठोक्यांची लड) वाजवला आहे का ते शोधा. त्यात आवाज पायरीपायरीने चढतो की उताराने, हे डोळे मिटून ऐका. व्हिडिओतील आवाज मॉड्यूलचाच आहे की संगणकावरील सॉफ्टवेअरचा, हेही पाहा. वर्णनात ते बहुतेक वेळा लिहिलेले असते.

नव्या मॉड्यूलच्या आवाजांचा तुमच्या मनावरचा भार थोडा कमी करू इच्छितो. किटला यूएसबी असेल, तर मिडी संगणकात नेऊन पुढे केव्हाही दुसरे आवाज वापरता येतात. पॅडची गुणवत्ता मात्र अशी बदलता येत नाही. संगणकामुळे होणारा विलंब हाच तेथे एक विचार करण्याचा मुद्दा आहे. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने) २५६ सॅम्पलचा बफर (नमुने साठवून पुढे पाठवायचा कप्पा) ठेवला तर त्यातून सुमारे ५.३ मिलीसेकंद लागतात. आवाज हवेतून एक मीटर जायला जवळपास ३ मिलीसेकंद घेतो, हे लक्षात घेतले तर पाच मिलीसेकंद सहज खपतात. ब्लूटूथ हेडफोन मात्र वादनासाठी वापरू नका. त्यांचा विलंब अनेकदा १०० मिलीसेकंदांच्या वर जातो, आणि मिनिटाला १२० मात्रांच्या गतीत सोळांशाच्या (मात्रेच्या चौथ्या भागाच्या) दोन ठोक्यांतले अंतरच १२५ मिलीसेकंद असते.

स्पर्शाबद्दल थोडा इतिहास सांगतो, कारण तो येथे लागू पडतो. १९८१ मध्ये आलेल्या सिमन्स एसडीएस-५ ची षट्कोनी पॅड कठीण पॉलिकार्बोनेटची होती आणि त्यावर वाजवून मनगटे दुखत असल्याच्या तक्रारी वादकांनी केल्या. जाळीचा पृष्ठभाग असलेले रोलँडचे टीडी-१० आले ते १९९७ मध्ये. आज जाळीमुळे मनगटाची काळजी बरीच मिटली आहे, पण एक उलट अडचण निर्माण झाली आहे: जाळीवरून स्टिक खऱ्या टॉमपेक्षा जास्त उसळते. रोल सोपे वाटतात, आणि सहा महिन्यांनी ॲकॉस्टिक फ्लोअर टॉमसमोर बसले की हात जड पडतात. जाळीचा ताण ड्रम कीने (ताण बदलायच्या चावीने) कमी करता येतो, तो टॉमवर थोडा सैल ठेवावा.

एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. दुकानात दहा मिनिटे वाजवून पाहणे यावर माझा तितका विश्वास नाही. मांडून ठेवलेल्या किटची संवेदनशीलता कोणी जुळवलेली नसते, जाळी हजार हातांनी ढिली झालेली असते, बसायची उंची तुमची नसते. चांगली किट तेथे नापसंत केलेले लोक मी पाहिले आहेत.

लयशोधक

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही पुस्तिका काल रात्री उतरवून घेतल्या. पहिल्या किटचे हाय-हॅट पेडल सलग मोजते असे दिसते, त्यामुळे ती भीती कमी झाली. पण आठ इंचांचा स्नेअर मला सवयीने जमेल का, ही शंका अजून आहे. शिवाय जाळीची पॅड 'शांत' असतात असे सर्वत्र लिहिलेले असते. खालच्या मजल्यावर नक्की काय ऐकू जाते?

खालचा मजला

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते, कारण तीन वर्षे मी अशा किटच्या बरोबर खाली राहत होते. स्टिक्सचा आवाज मला कधीही ऐकू आला नाही. मला ऐकू यायची ती किक. 'धप्प, धप्प' असा, कानाला कमी आणि छताला जास्त जाणवणारा ठोका. त्यात सूर नसतो, म्हणून तो संगीत वाटत नाही, कोणीतरी वर टाच आपटत आहे असे वाटते. हवेतून जाणारा आवाज आणि इमारतीच्या हाडांतून जाणारा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'शांत' हा शब्द फक्त पहिल्यापुरता खरा आहे. बीटरने मारायच्या उभ्या पॅडचा धक्का जमिनीत सर्वांत जास्त उतरतो, तर बीटर नसलेल्या पेडलचा सामान्यतः कमी, जरी शून्य नसला तरी.

शेवटी आमच्या वरच्या मुलाने दोन जाड लाकडी फळ्यांच्या मध्ये टेनिसचे चेंडू बसवून एक चौथरा केला. खालच्या फळीत चेंडूंच्या मापाची भोके पाडली होती, त्यामुळे चेंडू हलत नव्हते आणि वरची फळी कोठेही जमिनीला किंवा भिंतीला टेकत नव्हती. फरक इतका पडला की पहिल्या दिवशी मला वाटले तो गावाला गेला आहे. नुसती सतरंजी किंवा रबरी चटई घातल्याने किट सरकत नाही एवढेच होते. तुम्ही किटसोबतच चौथऱ्याच्या जागेचा आणि उंचीचाही हिशेब करा. आणि सुरू करण्यापूर्वी खालच्या घरी एकदा जाऊन या. वेळ ठरवून वाजवलेला ठोका आणि अवेळी आलेला ठोका यांत खालच्या माणसाला फार अंतर वाटते.

मागचा ठेका

आठ इंचांबद्दल: हे तुम्ही किट न घेताच तपासू शकता. पुठ्ठ्याचे आठ इंच व्यासाचे वर्तुळ कापा आणि खोली सोडण्याआधी ते तुमच्या चौदा इंची स्नेअरच्या मधोमध चिकटवा. क्षेत्रफळाच्या हिशेबाने ते एक-तृतीयांशाहूनही थोडे कमी भरते. आता तुमच्या नेहमीच्या गाण्यांवर, मुद्दाम लक्ष न देता, अर्धा तास वाजवा आणि पुठ्ठ्याबाहेर किती ठोके पडतात ते कानांनी मोजा, कारण पुठ्ठ्यावरचा आवाज बद्द येतो आणि बाहेरचा खुला. रिमसह मारायचा ठोका आणि स्टिक आडवी ठेवून वाजवायचा ठोका हेही करून बघा. मग बारा इंचांचे वर्तुळ लावून तेच करा.

त्याच दिवशी मोजपट्टी घेऊन बसायची उंची, स्नेअरची उंची, आणि दोन्ही पेडलांमधले अंतर लिहून ठेवा. लहान किटच्या रॅकचा एखादा पाय नेमका हाय-हॅट पेडलच्या जागी येतो आणि मग डावा पाय कायमचा तिरका ठेवावा लागतो. फोटोत हे कळत नाही, पण पुस्तिकेतील मापांवरून कळते.

लयशोधक

आज पुठ्ठा लावून वाजवले. आठ इंचांवर साध्या ठेक्यात फारसे काही चुकले नाही, पण फिल (ठेक्याच्या मध्ये भरायची छोटी लड) घेऊन टॉमवरून स्नेअरवर परत येताना जवळजवळ प्रत्येक वेळी स्टिक पुठ्ठ्याच्या कडेवर किंवा बाहेर पडत होती. आडव्या स्टिकचा ठोका तर जमलाच नाही, कारण तळहात टेकायला जागाच उरत नव्हती. बारा इंचांवर काही मिनिटांतच पुठ्ठा आहे हे विसरलो. शिवाय मी डबल पेडल (दोन्ही पायांनी एकच किक वाजवायचे, दोन बीटरचे) वापरतो आणि ते पहिल्या किटला लावता येणार नाही, हे पहिल्या संदेशात लिहायचे राहून गेले होते.

त्यामुळे दुसरे किट घेतो आहे आणि चौथऱ्यासाठी सुताराशी बोललो आहे. विक्रेत्याने चौदा दिवसांत परत घेण्याचे लेखी मान्य केले आहे. त्या चौदा दिवसांत नेमके काय तपासावे, एवढे शेवटचे सांगावे.

तारजोड

डबल पेडल असेल, तर सर्वांत आधी उभ्या पॅडची रुंदी पाहा. दोन्ही बीटर मध्यापासून सारख्या अंतरावर पडले पाहिजेत आणि दोहोंचा आवाज सारखा आला पाहिजे. जाळीच्या किकवर फेल्टचे बीटर वापरू नका, प्लास्टिकचे वापरा. फेल्टने जाळी झिजते. स्टिक्सची टोके फुटलेली नकोत.

पहिल्या दिवशी कोणतेही सेटिंग न बदलता प्रत्येक पॅड एकेक करून वाजवा: मध्यावर, कडेला, रिमवर, हलके आणि जोरात. जे पॅड गप्प राहील त्याची केबल शेजारच्या पॅडच्या केबलशी अदलाबदल करून पाहा. दोष केबलबरोबर गेला तर केबल बदलून मिळेल, पॅडकडेच राहिला तर किट परत करा. त्यानंतर हाय-हॅट स्टँडवर बसवून पुस्तिकेप्रमाणे जुळवणी करा, कारण दोन झांजांमधले अंतर ठरलेल्या मापाचे नसेल तर उत्तम हाय-हॅटही चुकीची वागते आणि लोक तिला सदोष समजून परत पाठवतात. मग संवेदनशीलता तुमच्या हाताला जुळवा आणि निदान चार दिवस रोज वाजवल्यानंतरच मत बनवा. खोकी आणि आतले फोम पंधराव्या दिवसापर्यंत फेकू नका.