शाळेत नर्स आहे, "पोट दुखतंय, घरी पाठवा" म्हणणाऱ्या मुलांचं काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे, आधी एका हॉस्पिटलला मुलांच्या वॉर्डात होते आणि आता पिंपरी-चिंचवडमधल्या एका इंग्लिश मीडियम शाळेत सिकरूम बघते. इथे डॉक्टर, नर्स, शिक्षक, पालक सगळेच आहेत म्हणून धागा काढतेय, जरा लांबलंय पण वाचा प्लीज.

प्रश्न असा की रोज काही मुलं येतात आणि पोट दुखतंय, डोकं दुखतंय, मळमळतंय, आईला फोन करा म्हणतात. यातली बरीचशी खरंच आजारी नसतात हे मलाही कळतं, कारण घटक चाचणीच्या आठवड्यात गर्दी वाढते, सोमवारी जास्त असते आणि मधल्या सुट्टीत कोणाचंच काही दुखत नाही. मुलं हुशार आहेत हो. ताप असला की घरी सोडतात हे त्यांना पाठ आहे, त्यामुळे कोणी थर्मामीटर गरम पाण्याच्या बाटलीला लावतं, कोणी ग्राउंडवर पळून लालबुंद होऊन येतं. म्हणून मी आता आल्या आल्या ताप बघतच नाही, दहा मिनिटं शांत बसवते, मग माझ्यासमोर काखेत लावते. उलटी झाली म्हणाले तर शिपाई मावशींना टॉयलेट बघून यायला सांगते. पण पोटदुखी? ती कशी तपासणार, ती तर त्यांनी सांगितली तेवढीच माझ्यासमोर असते.

आणि तिथेच माझी भीती आहे. वॉर्डला असताना वृषणाला पीळ पडलेली मुलं बघितली आहेत. आठवी-नववीचा मुलगा लाजेमुळे फक्त "पोटात दुखतंय" एवढंच सांगतो, आणि त्यात साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तरच वृषण वाचायची चांगली शक्यता असते. असं मूल माझ्याकडे आलं आणि वर्गशिक्षिकेने चिठ्ठीवर आधीच "नाटक करतोय" लिहून पाठवलं असेल तर? अशी चिठ्ठी वाचली की माझंही मन आधीच अर्धं बनलेलं असतं, म्हणून मी आता आधी मुलाशी बोलते आणि चिठ्ठी नंतर उघडते.

दुसरीकडे पालक. दोघं चाकण नाहीतर हिंजवडीला, हाफ डे टाकून येतात आणि मूल गेटवर उड्या मारताना दिसलं की मला बोलतात, आणि नाही बोलावलं तर संध्याकाळी ग्रुपवर मेसेज की शाळेने कळवलंच नाही. मॅनेजमेंटला घरी जाणाऱ्या मुलांचा आकडा कमी हवाय.

एक पाचवीतली मुलगी आहे. बेंबीपाशी दुखतं म्हणते, ताप नाही, उलटी नाही, पंधरा मिनिटं पडली की बरं वाटतं. रजिस्टर चाळलं तर बहुतेक वेळा मंगळवार नाहीतर गुरुवार. डबा अर्धा परत नेते. तिच्या वर्गात सगळे तिला नाटकी म्हणायला लागलेत आणि ते मला बघवत नाही. ती खोटं बोलतेय असं मला वाटत नाही, पण दरवेळी घरी पाठवणं बरोबर नाही हेही कळतंय. अशा मुलांशी नक्की काय बोलायचं, किती वेळ झोपू द्यायचं, घरी फोन कधी करायचा आणि शिक्षकांना कसं समजवायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

प्रतिसाद : बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

सिस्टर, चिठ्ठी नंतर उघडता हे फार चांगलं करता. जॉन अ‍ॅप्ली नावाच्या डॉक्टरने ब्रिस्टलच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी १९५८ मध्ये छापली, त्यात साधारण दहातल्या एका मुलाला वारंवार पोटदुखी होती आणि बहुतेकांच्या पोटात काही आजार सापडला नाही. पण आजार सापडला नाही म्हणजे दुखत नव्हतं असं नाही. टेन्शन आलं की आतड्यांची हालचाल आणि संवेदना खरंच बदलते, मोठ्यांना इंटरव्ह्यूच्या सकाळी होतं तेच. म्हणजे तुमच्याकडे दोन नाही तीन प्रकारची मुलं येतात: आजारी, ठरवून खोटं बोलणारी, आणि आजार नाही पण दुखतंय अशी. तिसरी खूप असतात आणि त्यांनाच सगळ्यात जास्त बोलणी बसतात.

अ‍ॅप्लीचाच एक ठोकताळा, दुखणं बेंबीपासून जितकं लांब तितका संशय जास्त. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं तर अपेंडिक्स डोक्यात ठेवा, अशा मुलाला जागेवर उडी मारायला सांगा, बहुतेक वेळा मारवत नाही. हिरवी उलटी, शौचातून रक्त, वजन उतरणं, झोपेतून जागं करणारं दुखणं, लघवीला जळजळ, यातलं काही असेल तर पालकांना लगेच फोन आणि डॉक्टर. मोठ्या मुलांना दार लावून स्पष्ट विचारा, "खाली दुखतंय का, सूज आहे का", लाजू नका म्हणजे तेही लाजणार नाहीत. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होत असेल तर तेही थांबवून ठेवायचं नाही. बाकीच्या डोकेदुखीत आधी नाश्ता केला का आणि फळ्यावरचं दिसतं का हे विचारा.

त्या पाचवीतल्या मुलीला एक विचारा, शाळेत टॉयलेटला जाते का? बद्धकोष्ठता हे पोटदुखीचं फार कॉमन कारण आहे आणि ते कोणी विचारत नाही.

प्रतिसाद : मीही स्कूल नर्स, नवी मुंबई

ताई, अगदी सेम. आमच्याकडे जे चाललं ते सांगते. आल्यावर पाणी, टॉयलेट, काही खाल्लं नसेल तर बिस्किट, मग पंधरा मिनिटं बेड. त्या वेळात गप्पा नाहीत, मोबाइल नाही, मैत्रीण सोबत नाही. सिकरूम प्रेमाची असावी पण मजेची नसावी. नंतर "अजून दुखतंय का" असं विचारायचंच नाही, ते "हो"च म्हणतात. मी म्हणते, "दुखतंय ते मला कळलं, घाबरण्यासारखं आत्ता काही दिसत नाही, हा एक तास बस आणि तास संपला की मला येऊन सांग." परत यायचा रस्ता उघडा आहे म्हटल्यावर निम्मी मुलं परत येतच नाहीत, आणि जे मूल परत येतं ते मी जास्त सिरियसली घेते.

रजिस्टरमध्ये फक्त तक्रार लिहू नका. कितवा तास, कोणता विषय, काय खाल्लं, घरी गेलं की वर्गात, हे पण लिहा आणि शुक्रवारी एकदा बघा. आणि एक महत्त्वाचं, एखादं मूल ठरावीक माणूस, ठरावीक व्हॅन किंवा ठरावीक तास टाळत असेल तर "नाटक" शब्द मनातून काढून टाका. लैंगिक त्रासाचं काही बोललं तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ खाली पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे झालं असं नाही. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहेच.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षक, सातारा

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत होतो, आम्हाला नर्स कुठली. आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा यायचं, बाकी दिवस आम्हीच डॉक्टर. वरच्या दोघांचं पटतं, पण थोडं वेगळं बोलतो. काही पोरं सरळ खोटं बोलतात आणि त्यांना ठाम नाही ऐकायची गरज असते. घरी गेल्यावर टीव्ही आणि मोबाइल मिळत असेल तर ते पोर उद्या परत पोट धरून येणार. पालकांना एवढंच सांगा, आजारी म्हणून आला तर दिवसभर अंथरूण, मऊ भात आणि बुडालेला अभ्यास, स्क्रीन नाही. शिक्षा म्हणून नाही, आजारी माणसाला जे करतो तेच. आणि शिक्षकांवर चिडू नका, वर्गात पन्नास पोरं असताना एकाचं ऐकून सोडलं की चार उभी राहतात. त्यांच्याशी स्टाफरूममध्ये बसून बोला, चिठ्ठीवर उत्तर देऊ नका.

प्रतिसाद : एका सहावीतल्या मुलाची आई

आमच्याकडे हेच झालं होतं. शाळेतून फोन आला की "तुमचा मुलगा नाटक करतो" आणि मी घरी त्याला खूप ओरडले. नंतर कळलं व्हॅनमधली मोठी मुलं त्याचा डबा काढून घ्यायची. तेव्हा कोणी मला "बहुतेक शेवटच्या तासाला येतो, घरी काही बोलतो का" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही फोन कराल तेव्हा असं बोला एवढीच विनंती.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रश्न कामाला आला. मावशींना विचारलं तर पाचवीच्या मजल्यावरच्या मुलींच्या टॉयलेटची एक कडी तुटलेली आहे आणि बऱ्याच मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत म्हणे. मुख्याध्यापिका मॅडमना लेखी दिलंय, सुतार उद्या येतोय. आईशीही बोलले, पोट साफ होत नाही हे त्यांनाही माहीत होतं, डॉक्टरांना दाखवणार आहेत.

पण मंगळवार-गुरुवारचं कोडं यातून सुटत नाही. त्या दोन्ही दिवशी तिचा पीटीचा तास असतो एवढं टाइमटेबलवरून कळलं. समुपदेशक मॅडम शुक्रवारी येतात, तोपर्यंत मी तिला काही खोदून विचारत नाहीये, आली की पंधरा मिनिटं आणि "तास संपला की ये" एवढंच.

नवी मुंबईच्या ताई, रजिस्टरच्या रकान्यांचा फोटो टाकाल का, मुलांची नावं झाकून? सोमवारपासून माझं तसंच सुरू करते.