मुंबई–न्यूयॉर्क : दारापासून दारापर्यंत तुमचे किती तास?

परवा आईने फोनवर विचारलं, "किती तास लागतात गं यायला?" मी सवयीने सांगितलं, सोळा. मग हिशेब केला. सांगलीहून रात्रीची बस, विमानतळावर चार तास आधी, विमानातले सोळा, इमिग्रेशनची रांग, शेवटी न्यू जर्सीपर्यंत गाडी. एकतीस! पृथ्वीगोलावर सरळ मोजलं तर अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. तर मंडळी, तिकिटावरचे नकोत, खरे तास सांगा.

*

आम्ही दुबईवाले. थेट विमान चौघांना परवडत नाही. आधी तीन तास, मग पाच तास बाकावर, मग चौदा. झाले बावीस. पण मधे पाय मोकळे होतात, पोरं पळून पळून दमतात आणि पुढे गाढ झोपतात. थेटवाल्यांनो, जळा!

*

जानेवारीत रात्री दीडला मुंबई सोडली, सकाळी सातला उतरले. घड्याळात साडेपाच तास, पायांना विचाराल तर सोळा. (हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा, उन्हाळ्यात तिकडे घड्याळं पुढे करतात म्हणून साडेनऊ.) अख्खी रात्र आमच्याबरोबरच पश्चिमेला निघाली होती, उतरले तेव्हाही धड उजाडलं नव्हतं. मधे उपमा आला, तो नाश्ता की जेवण, काही कळेना. परतताना मात्र चौदाच. वरचे जेट वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, ते ढकलत आणतात.

*

आई पहिल्यांदाच एकटी आली. रोज पर्वती चढणारी बाई, पण व्हीलचेअर मागितली. कुणीतरी सोबत असावं म्हणून. विमानात सिनेमा लावला नाही, समोरचा नकाशाच बघत बसली. घरी आल्यावर पहिला प्रश्न, "अमेरिका पश्चिमेला ना रे, मग विमान आधी वर आणि मग खाली कशाला?" धाकट्याने पृथ्वीगोल आणला. तिच्याच विणकामातला लोकरीचा धागा मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत घट्ट ताणून धरला. धागा सरकत सरकत जवळजवळ उत्तरेलाच गेला आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरला. "अगंबाई, म्हणजे हाच जवळचा रस्ता!"

विमानं नेमकी त्या धाग्यावरून जात नाहीत, हे तिला नंतर सांगितलं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, त्यामुळे तिचं विमान अरबी समुद्रावरून वळसा घालून आलं होतं.

मनगटावरचं घड्याळ तिने महिनाभर बदललं नाही. संध्याकाळी आठला आम्ही जेवायला बसलो की म्हणायची, "तिकडे दूधवाला येऊन गेला असेल."

*

माझे सासरे १९६८ साली गेले, बोइंग ७०७ने, लंडनला थांबून. अंगात कोट, गळ्यात हार, सांताक्रूझला पोचवायला एकवीस माणसं. तास विचारले तर म्हणतात, "कोण मोजतंय? पुढची पाच वर्षं परत यायचंच नव्हतं."

*

न्यूयॉर्क–मुंबई, चौदा तास.
मुंबई–चिपळूण, गणपतीच्या आदल्या दिवशी, अकरा तास. अंतर अडीचशे किलोमीटर. आणि उपमाही नाही.