लेन्सची कंपनीच बंद पडली तर रिसेलचं काय? आत्ताच विकू की ठेवू?

मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे एकाच माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी) चार लेन्स आहेत, एकेक करून जमवलेल्या. कंपनीनं अजून काही जाहीर केलेलं नाही, पण कितीतरी दिवस नवीन बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) नाही, आणि उद्या त्यांनी कॅमेऱ्याचा धंदा गुंडाळला तर या लेन्स कोण घेणार ही काळजी काही डोक्यातून जात नाहीये.

जुनी उदाहरणं बघत बसलेय. कोनिका मिनोल्टानं २००६ मध्ये कॅमेरे सोडले पण माउंट सोनीनं पुढे चालवला, म्हणून १९८५ पासूनच्या मिनोल्टा ऑटोफोकस लेन्सना नव्या बॉड्या मिळत राहिल्या. ऑलिंपसनं कॅमेऱ्याचा धंदा विकला तरी पॅनासॉनिकचा माउंट तोच, त्यामुळे तिकडे गिऱ्हाईक आहेच. पण सॅमसंगची एनएक्स सिस्टीम कुणीच पुढे नेली नाही. लेन्स चांगल्या होत्या हो! पण अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येतो ते छिद्र) बॉडीतून चालणारं, बहुतेकांचं फोकसही मोटरनं, म्हणजे दुसऱ्या बॉडीवर साध्या अडॅप्टरनं लावली तर रिंग नुसती फिरते, काही हलत नाही.

कॉन्टॅक्स या कॅमेरा ब्रँडचं तर एकाच नावात दोन्ही दिसतं. ते बनवणाऱ्या क्योसेरानं २००५ मध्ये ते बंद करायचं ठरवलं, तरी त्याच्या जुन्या मॅन्युअल झाइस लेन्सना अजून मागणी आहे कारण अ‍ॅपर्चर रिंग लेन्सवरच, आणि नंतरच्या एन सिरीजचं अ‍ॅपर्चर इलेक्ट्रॉनिक म्हणून ती बसवायला कटकट.

माझ्या चारपैकी दोन पूर्ण मॅन्युअल आहेत, त्या ठेवणारच. प्रश्न उरलेल्या दोन ऑटोफोकसवाल्यांचा, एक नॉर्मल झूम आणि एक टेली झूम. टेलीवर मी पक्षी काढते, ती द्यायला जीव होत नाही. पण मोटर गेली आणि पार्टच मिळाला नाही तर? ज्यांनी यातून जाऊन लेन्स विकल्यात त्यांनी सांगा, भाव घोषणेआधीच पडतो की नंतर?

प्रतिसाद: ताई, माझ्याकडे एनएक्स होती. माझा अनुभव असा की घोषणा व्हायच्या आधीच घेणारे कमी होतात, आणि मग सगळे एकदम विकायला काढतात तेव्हा तर कुणी विचारत नाही. नॉर्मल झूम आत्ताच काढा, तसली कुठल्याही सिस्टीममध्ये परत मिळेल. टेली वापरात आहे ना, मग राहू द्या, फक्त त्याच माउंटची एक जादा बॉडी सेकंडहँड घेऊन ठेवा. मी घेतली नाही, बॉडी गेली आणि चांगल्या लेन्स नुसत्या पडून राहिल्या.

मूळ पोस्टवाली: जादा बॉडीचं सुचलंच नव्हतं, थँक्यू दादा. नॉर्मल झूम या आठवड्यात विकायला टाकते. बॉडी घेताना शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा) सोडून अजून काय तपासू?